झाडांना राजा हवा होता

ओसाड गावी एरंड बळी, असं आपण म्हणतो. दुसरं झाडच नसेल तर एरंडसुद्धा वृक्ष म्हणून मिरवतो. ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात, म्हणजे तनाखमध्ये, जवळपास अशीच एक गोष्ट आहे. पण तिथलं गाव ओसाड नाही. ऑलिव्ह आहे, अंजीर आहे, द्राक्षवेल आहे, आणि सगळी धडधाकट, फळांनी लगडलेली. तरी राजा होतं ते काटेरी झुडूप. आपली म्हण एरंडाला हसते. ही गोष्ट झुडपाला हसतेच, पण ऑलिव्हकडेही जरा रोखून बघते.

ती येते 'शास्ते' नावाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात. शास्ता म्हणजे कोर्टात बसणारा न्यायाधीश नव्हे. साधारण इ.स.पू. १२०० ते १००० या काळात इस्राएलच्या बारा कुळांना राजा नव्हता. संकट आलं की कुणीतरी उभा राहायचा, लोक गोळा करायचा, शत्रूला हाकलायचा आणि पुढे तंटेबखेडे सोडवत बसायचा. तो शास्ता. गादी नाही, मुकुट नाही आणि वारसाहक्क तर मुळीच नाही.

अशा शास्त्यांपैकी गिदोन हा मोठा. मिद्यानी टोळ्या दरवर्षी येऊन पिकं लुटायच्या. गिदोनाने अवघे ३०० लोक घेतले, मडक्यात मशाली लपवल्या, रात्री शिंगं फुंकली आणि तो तळ उधळून लावला. लोक भारावले. म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर. तू, तुझा मुलगा आणि तुझा नातू. गिदोनाचं उत्तर प्रसिद्ध आहे: मी तुमच्यावर राज्य करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही, देव तुमच्यावर राज्य करील.

इथेच पुस्तक मिटलं तर गिदोन संत ठरतो. पण लिहिणारा पक्का आहे, तो पुढची यादी वाचून दाखवतो. नकार दिल्यावर गिदोन म्हणाला, बरं, लुटीतली सोन्याची कर्णभूषणं तेवढी मला द्या. ती भरली १७०० शेकेल, आजच्या मापाने १९ किलोच्या आसपास. त्याचं त्याने गावात एक पूजेचं वस्त्र घडवलं आणि लोक त्याच्याच नादी लागले. बायका पुष्कळ केल्या, मुलगे झाले सत्तर. शिवाय शखेम गावात एक रखेली होती. तिला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं अबीमलेख.

अबीमलेख या हिब्रू नावाचा अर्थ 'माझा बाप राजा आहे'.

मला राज्य नको म्हणणाऱ्याच्या घरी हे नाव! टीकाकारांनी यावर भरपूर शाई खर्च केली आहे. मला त्यातलं साधं तेवढं दिसतं. गिदोनाने खुर्ची नाकारली, पण खुर्चीबरोबर येणारं सगळं घरात आणलं. सोनं, जनानखाना, देवस्थान. मुलगा हे पाहत मोठा झाला. तेही रखेलीचा मुलगा म्हणून, सत्तर भावांच्या वाड्याबाहेर, आईच्या गावात. महत्त्वाकांक्षा आभाळातून पडत नाही. इथे ती बापाने अर्धवट लोटलेल्या दारातून आत शिरली.

गिदोन गेल्यावर अबीमलेखाने पहिली फेरी मामांच्या घरी मारली. मामांनी शखेमच्या बड्या मंडळींपुढे काय बोलायचं, हे त्याने शिकवून ठेवलं होतं. दोनच मुद्दे. एक: तुमच्यावर सत्तर जणांनी राज्य केलेलं बरं की एकाने? दोन: ध्यानात ठेवा, मी तुमच्याच हाडामांसाचा आहे.

आता पहिला प्रश्न बघा. सत्तर भावांपैकी कुणी राज्य मागितल्याचं मजकुरात कुठेही नाही. बापाने तर 'माझा मुलगाही नाही' असं जाहीर सांगितलं होतं. म्हणजे निवड 'सत्तर की एक' अशी नव्हतीच, पण एकदा प्रश्न तसा मांडला की ऐकणारा उत्तर शोधायला लागतो, प्रश्न तपासायचं राहून जातं. आणि दुसरा मुद्दा तर घराघरात चालणारा: आपला माणूस. शखेमवाल्यांचं मन वळलं. 'तो आपला भाऊ आहे,' म्हणाले. तो माणूस कसा आहे, हे कुणीच विचारलं नाही.

मग त्यांनी बाल-बरीथच्या देवळातून चांदीचे सत्तर तुकडे काढून त्याला दिले. सत्तर भाऊ, सत्तर तुकडे. डोक्यामागे एक. (सगळ्यात धाकटा भाऊ योथाम वाचला, मग मेले एकोणसत्तर ना, असा हिशेब काही वाचक घालतात. जुन्या लेखनात सत्तर हा 'अख्खं घर' सांगणारा ठोक आकडा आहे, तो तसाच घ्यावा.) त्या पैशावर अबीमलेखाने माणसं भाड्याने आणली. हिब्रूत त्यांना 'रेकीम' म्हटलं आहे. शब्दाचा अर्थ रिकामे. दोन भाषांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण रिकाम्या पोरांना पैसे देऊन पाठीशी घेण्याचं हे वर्णन मराठी कानाला भाषांतर न करताच कळतं.

त्यांना घेऊन तो अफ्रा या बापाच्या गावी गेला आणि भावांना मारलं, 'एका दगडावर'. लढाईत नव्हे, गोंधळात नव्हे. एकच दगड, त्यावर एकामागून एक. हा दगड लक्षात ठेवा, लिहिणाऱ्याने तो उगाच ठेवलेला नाही.

धाकटा योथाम तेवढा लपून वाचला.

इकडे शखेममध्ये राज्याभिषेक. हे गाव साधं नव्हे. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम कनान देशात आला तेव्हा त्याने पहिली वेदी इथल्या झाडापाशी बांधली. पुढे त्यांचा पुढारी यहोशवा याने लोकांकडून देवाशी करार करून घेतला तो इथेच, आणि साक्षीला एका झाडाखाली मोठी शिळा उभी केली. अबीमलेखाला राजा केलं तेही शखेममधल्या अशाच एका पूज्य झाडापाशी. देवळाचं नावच बाल-बरीथ, म्हणजे कराराचा स्वामी. जिथे शब्द पाळण्याच्या आणाभाका झाल्या, तिथेच भाऊ मारणाऱ्याला राजा केलं.

शखेमची जागा आज सापडते. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराच्या पूर्वेला तेल बलाता नावाचं टेकाड आहे. १९१३ मध्ये जर्मन पथकाने तिथे खोदायला सुरुवात केली, १९५६ पासून अमेरिकी पथकाने पुढचं काम केलं. जाडजूड भिंतींचं, किल्ल्यासारखं एक मंदिर सापडलं आणि इ.स.पू. ११०० च्या सुमारास गाव उद्ध्वस्त झाल्याच्या खुणाही. तेच हे देऊळ का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण भूगोलाबद्दल वाद नाही. गाव खिंडीत, उत्तरेला एबाल डोंगर, दक्षिणेला गरिज्जीम. मोशेच्या नियमशास्त्रात या दोन डोंगरांना कामं वाटून दिली आहेत: गरिज्जीमवरून आशीर्वाद, एबालवरून शाप.

योथाम चढला गरिज्जीमवर. आशीर्वादाच्या डोंगरावर. आणि तिथून ओरडून त्याने गोष्ट सांगितली.

एकदा झाडं आपल्यासाठी राजा निवडायला निघाली. ऑलिव्हला म्हणाली, तू आमचा राजा हो. ऑलिव्ह म्हणाला, माझ्या तेलाने देवाचा आणि माणसांचा मान राखला जातो. ते सोडून मी झाडांवर डोलत बसू? अंजिराकडे गेली. अंजीर म्हणालं, माझा गोडवा, माझी फळं सोडून झाडांवर डोलत बसू? द्राक्षवेलीकडे गेली. वेल म्हणाली, माझा रस देवाला नि माणसाला आनंद देतो. तो सोडून झाडांवर डोलत बसू? शेवटी सगळी झाडं काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप म्हणालं, खरोखरच मला राजा करत असाल तर या, माझ्या सावलीत आसरा घ्या. नाहीतर या झुडपातून आग निघो आणि लबानोनचे देवदार जाळून टाको.

'डोलत बसू' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे ते हलण्याचं, भटकण्याचं आहे. भावाला मारल्यावर आदामाचा मुलगा काइन याच्या नशिबी जी भटकंती आली, तिच्या वर्णनातही हाच धातू येतो. म्हणजे या तीन झाडांच्या लेखी राजेपण म्हणजे वर राहून नुसतं हलणं. काम खाली, मुळांशी आणि फळांत.

झुडपाचं बोलणं तर परत परत वाचावं. सावली! गुडघाभर काट्यांची सावली. आणि आसरा घ्यायचा देवदाराने, म्हणजे त्या प्रदेशातल्या सगळ्यात उंच झाडाने. वाकायचं तरी किती? या वाक्यात पहिल्या अर्ध्यात आमंत्रण आहे, दुसऱ्या अर्ध्यात धमकी. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. बाकीच्या झाडांनी सांगितलं की आमच्याकडे द्यायला काय आहे. झुडपाकडे द्यायला काही नाही, जाळायला आहे. उन्हाळ्यात त्या डोंगरांवर वाळकी काटेरी झुडपं पेटली की आग मोठ्या झाडांपर्यंत जाते, ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको होतं.

या गोष्टीचा सरळ अर्थ राजेशाहीच नको, असा लावणारे पुष्कळ आहेत. भली माणसं सत्तेच्या वाटेला जात नाहीत, जातात ते नालायक, असा. मला तो पुरेसा वाटत नाही. ऑलिव्हचा नकार खरा आहे, प्रामाणिक आहे, पण झाडांना आग लागली तेव्हा ऑलिव्ह कुठे होतं? त्याच रानात ना? गिदोनही असाच म्हणाला होता, मी नाही. पण मग कोण, कसं, कुणी लक्ष ठेवायचं, याची त्याने काहीच सोय लावली नाही. आणि योथामाचा सगळ्यात जास्त राग झुडपावर नाही, निवडणाऱ्या झाडांवर आहे. गोष्ट संपल्यावर तो शखेमवाल्यांना सरळ विचारतो: माझ्या बापाने जीव धोक्यात घालून तुम्हाला सोडवलं, त्याच्या घराशी तुम्ही हे प्रामाणिकपणे केलंत? केलं असेल तर सुखी राहा. नसेल तर अबीमलेखातून आग निघून तुम्हाला जाळो, आणि तुमच्यातून आग निघून त्याला.

एवढं बोलून तो पळाला. पुढे त्याचा पत्ता नाही. राज्य त्याला कधी मिळालं नाही, त्याने मागितलंही नाही.

मराठीत ही पुस्तकं परकी नाहीत. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची घरची भाषाच मराठी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी या ग्रंथातल्या पुरुषांची चरित्रं चक्क कीर्तनातून लावली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली, शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या.

आता न्यायाकडे येऊ. देवाचा न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीज कोसळते किंवा जमीन दुभंगते. इथे तसं काही नाही. आधीच्या अध्यायांत गिदोनाशी देवदूत बोलतो, लोकरीवर दव पडतं, चमत्कारांची रेलचेल आहे. या नवव्या अध्यायात देवाचं 'यहोवा' हे खासगी, जवळिकीचं नाव एकदाही येत नाही. नुसतं 'एलोहीम', देव. तोही मोजून दोन ठिकाणी हालचाल करतो.

पहिली हालचाल तीन वर्षांनंतर. अबीमलेखाने तीन वर्षं 'राज्य केलं' असं म्हणायचंही लिहिणाऱ्याने टाळलं आहे, 'अधिकार गाजवला' अशा अर्थाचं क्रियापद वापरलं आहे. मग देवाने अबीमलेख आणि शखेमची मंडळी यांच्यामध्ये एक दुष्ट 'रुआख' पाठवला. भाषांतरात आत्मा म्हणतात, त्यामुळे भुताखेतांचं काहीतरी वाटतं. पण रुआख म्हणजे वारा, श्वास, आणि मनाचा कलही. मराठीत हे नेमकं सांगता येतं: वारं फिरलं. ज्या दोघांनी मिळून खून पचवला, त्यांचं आपसात पटेना. बस, एवढीच शिक्षा. बाकीचं त्यांनी आपल्या हाताने केलं.

आणि मजकूर दोष कुणाला देतो? भावांना मारणाऱ्या अबीमलेखाला, आणि मारण्यासाठी 'ज्यांनी त्याचे हात बळकट केले' त्या शखेमवाल्यांना. हिब्रूतला वाक्प्रचार शब्दशः असाच आहे. भिंतीवर रंगवलेल्या आपल्या निवडणुकीच्या घोषणांत हात बळकट करायचं आवाहन असतं, ते वाचताना मला हल्ली हे वचन आठवतं.

पुढचा घटनाक्रम भरभर सांगतो. शखेमवाल्यांनी डोंगरमाथ्यांवर माणसं बसवून वाटसरूंना लुटायला सुरुवात केली. गाल नावाचा कुणी उपटसुंभ गावात आला. द्राक्षाची तोडणी झाली, रस निघाला, देवळात जेवणावळ उठली आणि पिऊन सगळे अबीमलेखाला शिव्या घालू लागले. गाल म्हणाला, कोण हा अबीमलेख? माझ्या हाती हे लोक असते तर हाकलला असता त्याला. गावचा कारभारी जबूल हा अबीमलेखाचा माणूस. त्याने गुपचूप निरोप धाडला.

सकाळी गाल वेशीत उभा आहे, शेजारी जबूल. गाल म्हणतो, ते बघ, डोंगरावरून माणसं उतरताहेत. जबूल म्हणतो, छे, डोंगराच्या सावल्या तुला माणसं वाटताहेत. काही वेळाने गाल परत म्हणतो, अरे माणसंच आहेत. तेव्हा जबूल वळून म्हणतो, आता कुठे गेलं तुझं तोंड? झुडपाने सावलीचं वचन दिलं होतं. 'सावली' साठी तिथे वापरलेला शब्दच इथे आहे. शखेमला मिळालेली सावली ही अशी, पहाटेची, डोंगरउतारावरून खाली सरकत येणारी.

गाल पळाला. पण अबीमलेखाचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी लोक शेतात गेले होते, त्यांना त्याने गाठून मारलं. गाव पाडलं आणि त्यावर मीठ पेरलं. आईचं गाव. हाडामांसाचं. बुरुजातली मंडळी देवळाच्या गढीत लपली, तेव्हा तो सल्मोन डोंगरावर गेला, कुऱ्हाडीने फांदी तोडली, खांद्यावर टाकली आणि माणसांना म्हणाला, मी करतोय ते बघा आणि तसंच करा, पटकन. (पुढे राहून स्वतः करून दाखवणारा नेता! नेतृत्वाच्या शिबिरात हे वाक्य टाळ्या घेईल.) फांद्या रचून गढी पेटवली. आत सुमारे एक हजार बायका-पुरुष होते. योथामाची आग झुडपातून निघाली ती ही.

इथे मी अडखळतो. भावांचा खून करायला पैसे दिले ते बड्या मंडळींनी. शेतात गेलेल्यांचा, गढीतल्या बायकांचा काय दोष? मजकूर याचं उत्तर देत नाही. देवाने शखेमच्या लोकांची दुष्टाई त्यांच्या डोक्यावर परत आणली, एवढं म्हणून पुढे जातो. 'करावं तसं भरावं' हे सूत्र ज्यू परंपरेत 'मिद्दा केनेगेद मिद्दा' म्हणून येतं, मापाला माप. पण या अध्यायातलं माप सांडतं. करणाऱ्याच्या पदरात पडतंच, शेजारच्यांच्याही पडतं. आपल्याकडचा कर्माचा हिशेब ज्याचा त्याच्यापाशी राहतो, निदान सांगताना तरी. इथे हिशेब गावाचा आहे.

मग अबीमलेख तेबेसला गेला, नाब्लुसच्या ईशान्येचं तूबास ते हेच, असं मानतात. तिथेही लोक बुरुजावर चढले. एकदा जमलेली युक्ती त्याने पुन्हा काढली. आग लावायला तो स्वतः दाराशी गेला. वरून एका बाईने दळायच्या दगडाची वरची तळी त्याच्या डोक्यात घातली.

चित्रांत इथे मोठं गोल जातं दाखवतात. पण त्या काळी गोल फिरणारं जातं नव्हतं. खाली लांबट, मध्ये खोलगट पाट आणि वर दोन्ही हातांनी मागेपुढे रेटायचा दगड. हिब्रूत त्या वरच्या दगडाचं नाव 'रेखेव', स्वार. आपल्या पाटा-वरवंट्याचा चुलतभाऊच. आजीचा वरवंटा लहानपणी मी पायावर पाडून घेतला आहे, त्यामुळे बुरुजाची उंची जमेला धरली की पुढचं समजायला मला टीकाकार लागत नाहीत. घाईने जीव वाचवायला पळताना तिने हा दगड बरोबर घेतला, कारण तो नसेल तर उद्या भाकरी नाही. नियमशास्त्रातही म्हटलं आहे की कुणाची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नका, तो जीवच गहाण घेतल्यासारखं आहे.

एका दगडावर सत्तर भाऊ, आणि शेवटी एक दगड.

तो लगेच मेला नाही. शस्त्रं वाहणाऱ्या पोराला म्हणाला, तलवार काढ आणि मार मला, नाहीतर लोक म्हणतील, याला बाईने मारलं. पोराने मारलं. अबीमलेख मेला हे बघून सगळे आपापल्या घरी गेले. शोक नाही, पुरलं कुठे तेही नाही, नवा राजा निवडायची घाई नाही.

लोक काय म्हणाले, ते दुसऱ्या एका पुस्तकात कळतं. बराच काळ लोटला आहे, आता इस्राएलला राजा आहे आणि गादीवर दावीद आहे. त्याने उरीया नावाच्या आपल्याच शिपायाची बायको घेतली आहे, ती गरोदर आहे आणि उरीयाला लढाईत तोंडावर ठेवून मरू द्या असा हुकूम सेनापती यवाबाला धाडला आहे. हुकूम पाळताना आणखीही शिपाई मेले. यवाब निरोप्याला पढवून पाठवतो: राजा चिडून विचारेल, भिंतीच्या एवढं जवळ गेलातच का? अबीमलेखाला कुणी मारलं ठाऊक नाही का? एका बाईनेच ना भिंतीवरून दळायचा दगड टाकला त्याच्यावर? असं म्हणाला की सांग, तुमचा सेवक उरीयाही मेला.

निरोप्या प्रश्नाची वाट बघत नाही, सगळं एका दमात सांगून टाकतो. दावीद म्हणतो, यवाबाला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज ह्याला खाते, उद्या त्याला. भिंतीबद्दल तो एका शब्दाने विचारत नाही.